कोरडेपणा मोजायचा कसा? महाबळेश्वर ते सोलापूर या पट्ट्यावरचा धडा

महाबळेश्वराहून पाचगणी आणि पुढे पसरणीचा घाट उतरून वाईत आलात, की जेमतेम ३२ किलोमीटरच्या रस्त्यात पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पलीकडून हजाराच्या आत येतो. वरती अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची खुजी सदाहरित झाडी, उतारावर सालई, धावडा आणि पळस. वाईहून सातारा, कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडी-म्हसवडपर्यंत गेलात, की हिवर, बोर, तरवड आणि कुसळीचा माळ लागतो. पर्जन्यछाया म्हणजे काय ते या रस्त्यावर शाळकरी मुलालाही दिसतं.

पण याच पट्ट्यावर कोणी वनस्पतींचा, पक्ष्यांचा, मुंग्यांचा किंवा जमीनवापराचा अभ्यास करायला घेतला, की प्रश्न येतो: 'कोरडं' म्हणजे किती कोरडं? बहुतेक विद्यार्थी वार्षिक पावसाचा एक आकडा घेतात आणि पुढे जातात. थोडे जण जगाच्या नकाशावरून शुष्कता निर्देशांकाचं तयार रास्टर, म्हणजे प्रत्येक चौकोनात एक आकडा असलेला संगणकी नकाशा, उतरवून घेतात. दोन्ही वाटांनी प्रबंध पूर्ण होतो. निष्कर्ष मात्र पुष्कळदा कच्चा राहतो, कारण कोरडेपणा हा नुसता पावसाचा गुण नाही. आभाळ देतं किती आणि मागून घेतं किती, या दोहोंच्या हिशेबातून तो ठरतो. आपल्या मोसमी हवामानात तर हा हिशेब वर्षाचा करायचा की महिन्याचा, यावर उत्तर बदलतं. म्हणून ही पद्धत पायरीपायरीने मांडतो आहे. जिथे माणसं हमखास चुकतात, तिथे जास्त थांबेन.

आधी प्रश्न ठरवा, मग सूत्र

तीन गोष्टींची सरमिसळ टाळा. हवामानाचा कोरडेपणा म्हणजे एखाद्या जागेचा दीर्घकाळचा स्वभाव. तो ३० वर्षांच्या सरासरीवरून काढतात. दुष्काळ म्हणजे त्या स्वभावापासून काही महिने किंवा वर्षं झालेली घसरण. माणदेश १९७१ सालीही कोरडा होता. १९७२ ला तिथे जे घडलं तो दुष्काळ. आणि मातीतला ओलावा ही तिसरी गोष्ट. एकाच गावात, एकाच पावसात, काळ्या रानात ओल टिकते आणि मुरमाड माळावर आठवड्यात उडून जाते.

तुमचा प्रश्न 'या पट्ट्यात कुठली झाडं कुठे का उगवतात' असा असेल तर शुष्कता निर्देशांक हवा. 'अमुक वर्षी चिंकारांची संख्या का घटली' असा असेल तर दुष्काळाचा निर्देशांक हवा: फक्त पावसावर चालणारा एसपीआय किंवा बाष्पीभवनाची मागणीही धरणारा, २०१० साली मांडला गेलेला एसपीईआय. एसपीईआय हा प्रत्येक जागेच्या स्वतःच्या सरासरीशी तुलना करतो. त्यामुळे महाबळेश्वर आणि म्हसवड या दोन्ही ठिकाणी त्याची सरासरी शून्याच्याच आसपास येते. कोणती जागा जास्त कोरडी, हे तो सांगूच शकत नाही. तरीही तो जागा-जागांच्या तुलनेसाठी वापरलेला दिसतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण मागची सगळी मेहनत त्या एका निवडीवर सांडते.

कोणता निर्देशांक?

लँग यांनी पाऊस भागिले तापमान असं साधं गुणोत्तर मांडलं. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ एमान्युएल द मार्तोन यांनी १९२६ साली त्यात सुधारणा केली: वार्षिक पाऊस मिलिमीटरमध्ये, भागिले सरासरी तापमान अधिक १०. दहा मिळवल्यामुळे थंड प्रदेशात छेद शून्याजवळ जात नाही. उत्तर १० च्या खाली आलं तर शुष्क, १० ते २० निमशुष्क, २० ते २४ 'भूमध्यसागरी', पुढे आर्द्र.

हे सूत्र सोलापूरला लावून पाहा. सोलापूरसारख्या ठिकाणाचे ठोकळ आकडे घेऊ: पाऊस ७४० मिमी, सरासरी तापमान २७.२५ अंश. ७४० भागिले ३७.२५ म्हणजे १९.९, निमशुष्क. आता पाऊस १० मिमीने वाढवा. उत्तर २०.१ येतं आणि सोलापूर एकदम 'भूमध्यसागरी' होतं! भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, इथे जून ते ऑक्टोबरमध्ये. दोन्हींचा संबंध नाही. सूत्र चुकीचं नाही, पण त्याच्या वर्गांची नावं ज्या भूमीत घडली तिथलीच आहेत. म्हणून द मार्तोन वापरायचं असेल तर आकडा वापरा, वर्गाचं नाव उचलू नका. जुन्या नोंदी असलेल्या, फक्त पाऊस आणि तापमान उपलब्ध असलेल्या ठिकाणांसाठी ते अजूनही उपयोगी आहे.

आज सर्वाधिक चालतो तो वार्षिक पाऊस भागिले वार्षिक संभाव्य बाष्पोत्सर्जन हा निर्देशांक. संभाव्य बाष्पोत्सर्जनाला सगळे पीईटी म्हणतात, मीही तेच म्हणेन. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९२ साली त्याचे वर्ग ठरवले: ०.०५ च्या खाली अतिशुष्क, ०.०५ ते ०.२० शुष्क, ०.२० ते ०.५० निमशुष्क, ०.५० ते ०.६५ कोरडा उपआर्द्र. वाळवंटीकरणाच्या आंतरराष्ट्रीय करारातली कोरड्या प्रदेशांची व्याख्या याच गुणोत्तरावर उभी आहे.

इथे एक फार मोठा सापळा आहे. नाव 'शुष्कता निर्देशांक', पण आकडा जितका मोठा तितकी जागा ओली. बुडिको यांनी मांडलेला कोरडेपणाचा निर्देशांक याच्या उलट दिशेने जातो: मागणी वर, पाऊस खाली, म्हणजे मोठा आकडा तितकी कोरडी जागा. दोन शोधनिबंधांची तुलना करताना दिशा तपासली नाही, तर 'कोरडेपणा वाढला की प्रजाती वाढतात' असा उलटा निष्कर्ष हातात येतो. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहाच: 'या अभ्यासात निर्देशांकाचे मोठे मूल्य म्हणजे अधिक आर्द्र हवामान.'

थॉर्नथ्वेट आणि मॅदर यांचा १९५५ चा आर्द्रता निर्देशांक म्हणजे याच गुणोत्तराचं दुसरं रूप: पाऊस भागिले पीईटी, त्यातून एक वजा, गुणिले शंभर. भारतीय कृषिहवामानाच्या जुन्या साहित्यात तो वारंवार भेटतो, म्हणून रूपांतर ठाऊक असावं. गुणोत्तर ०.३९ असेल तर आर्द्रता निर्देशांक उणे ६१.

आकडेवारी गोळा करताना

किमान ३० वर्षं. जागतिक हवामान संघटनेचा चालू प्रमाण कालखंड १९९१ ते २०२० आहे. आपल्याकडे कॅलेंडर वर्षापेक्षा जून ते मे असं जलवर्ष धरणं जास्त सयुक्तिक, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस पुढच्या मार्चपर्यंतच्या झाडोऱ्याला पोसतो. डिसेंबरला वर्ष तोडलं की त्या ओलीचा धागा मधूनच तुटतो.

भारतीय हवामान विभागाची पावसाची जाळीबद्ध आकडेवारी ०.२५ अंशाची आणि १९०१ पासूनची आहे. तापमानाची जाळी १ अंशाची, १९५१ पासूनची. दोन्ही पुण्याहून प्रसिद्ध होतात आणि संशोधनाला खुली आहेत. महाराष्ट्रात महसूल मंडळ पातळीवर 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं आहेत, पण त्यांची मालिका अजून ३० वर्षांची नाही. त्यामुळे ती स्वभाव ठरवायला नव्हे, तर जाळीच्या आकड्यांची पडताळणी करायला घ्यावीत.

आता ०.२५ अंश म्हणजे किती? आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण २६ किलोमीटर. महाबळेश्वर ते वाई हे सरळ रेषेतलं अंतरही जवळपास तेवढंच. म्हणजे ज्या अंतरात पाऊस पाच-सहा पटींनी उतरतो, ते संपूर्ण अंतर एका चौकोनात मावू शकतं. सह्याद्रीच्या माथ्यालगत काम करणाऱ्याने ही जाळी थेट वापरूच नये. साधारण १ किलोमीटरची वर्ल्डक्लिम किंवा चेल्सा ही रास्टर घ्या. पण तिथेही लक्षात ठेवा की १ किलोमीटरचा चौकोन दिसतो म्हणून १ किलोमीटरवर पाऊस मोजला गेलेला नाही. मधली जागा गणिताने भरलेली आहे. वर्ल्डक्लिमचा कालखंड १९७० ते २०००, चेल्साचा १९८१ ते २०१०. एक रास्टर एका कालखंडाचं आणि दुसरं दुसऱ्याचं, अशी खिचडी करू नका. वर्षागणिक बदल हवे असतील तर १९५८ पासूनचं, साधारण ४ किलोमीटरचं टेराक्लायमेट सोयीचं पडतं.

शक्य असेल तर स्वतःचा साधा पर्जन्यमापक लावाच. आजूबाजूचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. नोंद रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान विभागाच्या नोंदींशी ताडता येते. एका पावसाळ्याच्या नोंदीवरून हवामान कळत नाही, पण रास्टर तुमच्या जागेवर धादांत चुकतं आहे का, ते नक्की कळतं.

पीईटी: खरी मेहनत इथे

पाऊस मोजता येतो. पीईटी काढावा लागतो. जमिनीवर पाण्याला कधीच तोटा नसता तर हवेने किती पाणी उचललं असतं, याचा तो अंदाज. ऊन, तापमान, वारा आणि हवेचा कोरडेपणा, चारही गोष्टी त्यात येतात.

जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने १९९८ साली पेनमन-मॉन्टीथ पद्धत प्रमाण म्हणून ठरवली. १२ सेंटिमीटर उंचीचं, भरपूर पाणी मिळालेलं हिरवं गवत गृहीत धरून ती चालते. चारही घटकांची नोंद असेल तर दुसरीकडे पाहू नका. पण तालुक्याच्या गावात वाऱ्याची आणि आर्द्रतेची विश्वासू मालिका क्वचित मिळते. तिथे १९८५ ची हारग्रीव्ज-सामानी पद्धत मदतीला येते. तिला लागतं फक्त कमाल-किमान तापमान आणि अक्षांश:

दैनिक पीईटी = ०.००२३ × वातावरणाबाहेरचा किरणोत्सर्ग × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल − किमान)

अक्षांशानुसार हा किरणोत्सर्ग देणाऱ्या तयार तक्त्यांत तो मेगाज्यूलमध्ये असतो, ०.४०८ ने गुणला की बाष्पीभवनाच्या मिलिमीटरमध्ये येतो. हा गुणाकार विसरला की पीईटी अडीच पट फुगतो. वर्षाचा पीईटी ४,००० च्या वर दिसला तर पहिला संशय इथेच घ्या.

कमाल-किमानातला फरक सूत्रात का आला? आभाळ निरभ्र असलं की दिवस तापतो आणि रात्र झपाट्याने निवते. ढगाळ दिवशी दोन्ही जवळ येतात. म्हणजे हा फरक ढगांची खबर देतो. वारा मात्र त्यात कुठेच नाही. म्हणून जोरदार वाऱ्याच्या जागी ही पद्धत कमी आकडा देते आणि फार दमट हवेत जास्त. माणच्या उघड्या पठारावर पहिली चूक, महाबळेश्वरच्या धुक्यात दुसरी. पट्ट्याच्या दोन टोकांवर चूक उलट दिशांना झुकते, हे लिहून ठेवण्याजोगं आहे.

थॉर्नथ्वेटची १९४८ ची पद्धत फक्त सरासरी तापमानावर चालते आणि संगणकाच्या तयार पॅकेजमध्ये पहिली तीच दिसते. कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात ती मागणी कमी दाखवते. त्याहून मोठा धोका भविष्याच्या अंदाजात आहे: तापमान वाढलं की ती पीईटी वाढवतेच, वारा आणि ऊन काहीही करोत. भारतातल्या बाष्पीभवन पात्रांच्या (उघड्यावर पाणी ठेवून रोज किती उडालं ते मोजणाऱ्या पात्रांच्या) नोंदी तपासल्यावर १९९७ साली चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांना तापमान वाढूनही बाष्पीभवन घटल्याचं दिसलं होतं. एकट्या तापमानावर भिस्त ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

बाष्पीभवन पात्राच्या नोंदी कृषी संशोधन केंद्रात मिळतात आणि त्या सोन्यासारख्या आहेत. 'वर्ग अ' पात्राचा व्यास १२०.७ सेंटिमीटर. पात्राचा आकडा म्हणजे पीईटी नव्हे. त्याला गुणक लावावा लागतो, साधारण ०.७, पण भोवती हिरवं रान आहे की उघडी जमीन यावर तो बदलतो. आपल्याकडे पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून पात्रावर जाळी असते आणि जाळीने बाष्पीभवन काहीसं घटतं. केंद्रात गेलात की पात्र स्वतः पाहा, जाळी आहे का आणि कधीपासून आहे ते निरीक्षकाला विचारा. मालिकेत मध्येच पायरी दिसली, तर तिचं कारण हवामान नसून जाळी असू शकतं.

एक पूर्ण हिशेब

सरावासाठी सोलापूरसारख्या, १७.७ अंश उत्तर अक्षांशावरच्या जागेचे गोळाबेरीज आकडे घेतले आहेत. प्रत्यक्ष कामात तुमच्या केंद्राचे घ्या. किरणोत्सर्ग मिमी प्रतिदिन, पीईटी आणि पाऊस मिमी प्रतिमहिना.

| महिना | कमाल | किमान | किरणोत्सर्ग | पीईटी | पाऊस |
|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | ३१ | १६ | ११.४ | १३० | ३ |
| फेब्रुवारी | ३४ | १८ | १२.९ | १४६ | ४ |
| मार्च | ३७ | २२ | १४.४ | १८८ | ५ |
| एप्रिल | ४० | २५ | १५.५ | २०८ | १२ |
| मे | ४० | २५ | १५.९ | २२१ | ३० |
| जून | ३५ | २४ | १५.९ | १७२ | ११५ |
| जुलै | ३२ | २३ | १५.९ | १५४ | १४० |
| ऑगस्ट | ३१ | २२ | १५.६ | १४८ | १४० |
| सप्टेंबर | ३२ | २२ | १४.७ | १४४ | १८५ |
| ऑक्टोबर | ३२ | २० | १३.३ | १४४ | ८५ |
| नोव्हेंबर | ३१ | १७ | ११.८ | १२७ | १८ |
| डिसेंबर | ३० | १५ | ११.० | १२२ | ३ |

मे महिना स्वतः करून पाहा. सरासरी तापमान ३२.५, त्यात १७.८ मिळवले की ५०.३. फरक १५, त्याचं वर्गमूळ ३.८७. ०.००२३ × १५.९ × ५०.३ × ३.८७ म्हणजे दिवसाला ७.१ मिमी, ३१ दिवसांचे २२१.

वर्षाची बेरीज: पीईटी १,९०४, पाऊस ७४०. निर्देशांक ०.३९, निमशुष्क. इथे थांबणारे इथेच थांबतात. पण तक्ता आणखी पुष्कळ सांगतो.

पाऊस मागणीला पुरून उरतो असा महिना एकच: सप्टेंबर, तोही ४१ मिमीने. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे मागणी कमी असते, म्हणून तुटवडा किरकोळ. सप्टेंबर सोडून अकराही महिन्यांच्या तुटवड्याची बेरीज १,२०५ मिमी होते. पाऊस पीईटीच्या निम्म्याहून जास्त असेल तो महिना वाढीचा, ही अन्न आणि कृषी संघटनेची कसोटी लावली तर जून ते ऑक्टोबर असे पाच महिने मिळतात. गॉसेन यांची कसोटी आणखी सोपी: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, तो सरासरी तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर महिना कोरडा. त्यानुसार नोव्हेंबर ते मे असे सात महिने कोरडे.

आता हेच महाबळेश्वरला लावा. वार्षिक निर्देशांक ४ च्या आसपास, म्हणजे कुठल्याही वर्गवारीत अतिआर्द्र. तरीही डिसेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नाही. त्या झाडांना पाच महिने कोरडे काढावे लागतात, आणि जुलैत पडलेले दोन हजार मिलिमीटर त्यांच्या एप्रिलच्या कामाला येत नाहीत. ते कधीच कृष्णा-कोयनेतून वाहून गेलेले असतात. दक्षिणेकडे, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलईत कोरडे महिने थोडे, म्हणून तिथलं सदाहरित जंगल उंच आणि प्रजातींनी भरलेलं. सह्याद्रीत उत्तरेकडे कोरडा ऋतू लांबत जातो आणि झाडांच्या प्रजाती त्याच क्रमाने गळत जातात. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पश्चिम घाटाचे जैवहवामान नकाशे करताना कोरड्या महिन्यांची संख्या ही मुख्य कसोटी धरली, ती उगाच नव्हे.

माझं ठाम मत असं की मोसमी प्रदेशातल्या कुठल्याही परिसंस्थेच्या अभ्यासात तीन आकडे एकत्र द्यावेत: वार्षिक गुणोत्तर, कोरड्या महिन्यांची संख्या आणि कोरड्या ऋतूतला साचत गेलेला तुटवडा. फक्त पहिला देणं म्हणजे महाबळेश्वरच्या झाडाला वर्षभर पाणी मिळतं असं गृहीत धरणं.

मातीला हिशेबात घ्या

वरचा तक्ता मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला दाखवला तर तो पहिला प्रश्न विचारेल, आणि योग्यच विचारेल: मग आमची ज्वारी येते कशी? शाळू पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढतात जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तक्ता ज्या महिन्यांना कोरडे म्हणतो त्याच महिन्यांत. उत्तर मातीत आहे. खोल काळी माती मीटरभर थरात २०० मिमीच्या आसपास झाडाला उपयोगी पाणी धरते. उथळ मुरमाड जमीन ४०-५० मिमीवर संपते.

महिन्याच्या हिशेबाने सप्टेंबरात फक्त ४१ मिमी उरतात, मग २०० मिमी भरणार कुठून? कारण पाऊस महिनाभर सारखा झिरपत नाही. दोन दिवसांत ८० मिमी कोसळतो, मग आठ दिवस उघडीप. त्या दोन दिवसांत मागणी दहाएक मिमीची, उरलेलं मातीत. महिन्याची सरासरी हे सगळं सपाट करून टाकते. म्हणून जिथे मातीचा प्रश्न आहे तिथे हिशेब रोजचा करा. मातीची साठवण ही पेटी समजा: रोज पाऊस आत, पीईटी बाहेर, पेटी भरली की जादाचं वाहून जातं, रिकामी होत आली की झाडाला मिळणारं पाणी आटतं. एक्सेलच्या चार रकान्यांत हे होतं. काळ्या रानाला २०० आणि माळाला ४० धरून दोनदा चालवा. एकाच पर्जन्यमापकाखालची दोन गावं किती निराळी जगतात ते दिसेल.

नकाशा आणि आकडेशास्त्र

तयार जागतिक शुष्कता रास्टर उतरवलंत तर त्यातली मूल्यं १०,००० ने गुणून ठेवलेली असतात, फाइल लहान राहावी म्हणून. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये आधी १०,००० ने भागा. सोलापूरच्या जागी ०.३ ते ०.५ च्या दरम्यान आकडा आला की पुढे चला.

वर्गांपेक्षा आकडा वापरा, हे पुन्हा सांगतो. ०.४९ आणि ०.५१ या दोन जागांत निसर्गाने कुठलीही रेघ ओढलेली नाही. आकडेशास्त्रीय प्रतिमानात घालताना निर्देशांकाचा लॉग घ्या. ०.३ वरून ०.६ ला जाणं ही झाडासाठी मोठी उडी आहे, ३.० वरून ३.३ ला जाणं काहीच नाही, आणि लॉग न घेता दोन्हींना सारखंच वजन मिळतं. पाऊस, तापमान आणि निर्देशांक तिन्ही एकाच समीकरणात टाकू नका. तिसरा पहिल्या दोघांतूनच आला आहे. 'पाण्याचा पुरवठा महत्त्वाचा की मागणी' हाच तुमचा प्रश्न असेल, तर गुणोत्तर सोडून पाऊस आणि पीईटी वेगवेगळे ठेवा.

वर्षवार निर्देशांक काढून त्यांची सरासरी घेणं आणि सरासरी पाऊस भागिले सरासरी पीईटी करणं, यात फरक पडतो. कोणतं केलं ते लिहा. माझा कल दुसऱ्याकडे. त्याच्या जोडीला वर्षावर्षांतला चढउतार वेगळा द्यावा, कारण कोरड्या प्रदेशात चढउतार हाही तिथल्या जीवांचा रोजचा अनुभव आहे.

नमुनाक्षेत्रं रस्त्यावर दर दहा किलोमीटरला टाकू नका. निर्देशांक जिथे झपाट्याने बदलतो तिथे, म्हणजे महाबळेश्वर ते वाई या उतारावर, ती दाट हवीत. दहिवडीच्या पुढे विरळ चालतील. आधी निर्देशांकाचे समान टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यात सारखी क्षेत्रं टाका.

जमिनीवर जाऊन तपासणं

आकडे झाले की माळावर जा. उजनी आणि नीरेच्या कालव्यांखालचा ऊस उपग्रहाच्या चित्रात मे महिन्यातही हिरवा दिसतो. ती हिरवळ हवामानाची नाही. अशा बागायती रानात वसलेल्या हवामान केंद्रावर दुपारचं तापमानही थोडं कमी भरतं, आणि मग तिथला पीईटी शेजारच्या माळाचा म्हणून चालत नाही. केंद्राच्या भोवती काय आहे, त्याचा एक फोटो काढून ठेवा.

झाडोरा ताडून पाहताना घाई करू नका. गवताळ माळ दिसला की 'जंगल तुटून झालेली पडीक जमीन' असा शेरा सरकारी कागदांत वर्षानुवर्षं पडत आला, आणि त्या शेऱ्यावर विसंबून माळांवर झाडं लावली गेली. पण ०.३ ते ०.४ निर्देशांक, सात कोरडे महिने आणि ४० मिमी धरणारी माती एकत्र असेल, तर तिथे गवत आणि विरळ काटेरी झाडं हाच तिथला खरा झाडोरा असू शकतो. नान्नजचा माळढोक, सुप्याचे चिंकारा आणि दख्खनचा लांडगा या माळावरच जगत आले. चराई आणि वणवा यांचाही वाटा असतो, म्हणून प्रत्येक नमुनाक्षेत्रावर त्या दोन्हींची नोंद घ्या: गेल्या वर्षी जळालं का, मेंढ्या किती महिने बसतात, कुंपण आहे का. हे गावातल्या मेंढपाळाला विचारलं की पाच मिनिटांत कळतं. त्याच बैठकीत त्याला हेही विचारा की माळावरची ओल दसऱ्यानंतर किती दिवस टिकते. तो सांगेल तो दिवस आणि तुमच्या पेटीच्या हिशेबात माती रिकामी झाल्याचा दिवस शेजारी शेजारी लिहा. दोन-तीन आठवड्यांहून जास्त तफावत आली, तर आधी मातीची खोली पहारीने पुन्हा मोजा, मग सूत्राला हात लावा.